बाटलीवरची रेघ

सरबताच्या कारखान्यात तिला सगळे 'गाळणी' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. भरून, बूच लागून आलेल्या बाटल्या पट्ट्यावरून तिच्यासमोर सरकायच्या, मागे पांढरा दिवा पेटलेला असायचा आणि तिने फक्त बघायचं. रंग एकसारखा आहे ना, आत कचरा नाही ना, आणि मुख्य म्हणजे सरबत मानेजवळच्या रेघेपर्यंत आलंय ना. रेघेखाली जराशी जरी उणी असली, की बाटली उचलून रिजेक्टच्या क्रेटमध्ये. जेवणाच्या सुट्टीनंतर डोळे जड झाले की इतर बायकांच्या नजरेतून एखादी निसटायची. हिच्या नजरेतून कधीच नाही. सुपरवायझर म्हणायचा, "हिच्यासमोरून जायचं तर उण्या बाटलीला रांगतच जावं लागेल."

नजरेला अशी सवय एकदा लागली की कामाचे तास संपले म्हणून सुटत नाही. दुकानात तेलाची बाटली ती आधी उजेडात धरायची आणि दुकानदार कपाळाला हात लावायचा. घरी पाण्याचे पेले सगळे सारखे भरलेले. लग्न तिने केलं नव्हतं. थोरला भाऊ गमतीनं म्हणायचा, "हिला माणूसही काठोकाठ भरलेला हवा." त्या गमतीत थोडा राग असायचा, कारण त्याने सुचवलेली दोन चांगली माणसं तिने चहा पाजून परत पाठवली होती.

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील शहर बसचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीला ते अजून 'ड्रायव्हरसाहेब'च होते. गाडी स्टॉपवर थांबते, दोन स्टॉपच्या मधे थांबत नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. एकदा त्यांची बायकोच जड पिशव्या घेऊन त्यांच्या बसमध्ये होती. बस स्वतःच्या दारावरून जात होती. ती म्हणाली, इथंच उतरवा. ड्रायव्हरसाहेबांनी आरशात तिच्याकडे बघितलं आणि गाडी पुढच्या स्टॉपवर नेऊन उभी केली. बिचारी पिशव्या ओढत मागे चालत आली. आई गेल्यानंतरही ही गोष्ट घरात पुन्हा पुन्हा सांगितली जायची आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरसाहेब तेच म्हणायचे, "मग? इतर पॅसेंजरांनी काय पाप केलं होतं?"

अशा माणसाला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावर, मग खुर्चीत बसल्या बसल्या. छातीत कॅन्सर निघाला आणि फुप्फुसाभोवती पाणी साचत होतं. हॉस्पिटलात नेलं की पाठीत सुई खुपसून पाणी काढायचे. बाबा दोन दिवस माणसात यायचे आणि पुन्हा पाणी साचायचं, पुन्हा तोच लांबलचक कॉरिडॉर, तीच चाकाची खुर्ची, तीच वाट बघणं. सुई टोचताना त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. पण एकदा परतीच्या वाटेवर टॅक्सीत ते म्हणाले, "मला आता परत तिथं नेऊ नकोस. काय व्हायचं ते माझ्या खुर्चीत होऊ दे." खुर्ची खिडकीशी होती आणि खिडकीखालून त्यांची जुनी बस जायची.

"नाही नेणार," ती म्हणाली. बोलून गेली, पण हा शब्द पाळायचा कसा हे तिला माहीत नव्हतं.

वाट डॉक्टरीणबाईंनीच दाखवली. छातीत कायमची एक मऊ, बारीक नळी बसवायची. ती कातडीखालून थोडी फिरवून बाहेर काढायची आणि बाहेरच्या टोकाला एक झडप. पाणी साचलं की घरच्या घरी त्या झडपेला बाटली जोडायची. बाटलीतली हवा ती बनवतानाच काढून टाकलेली असते, त्यामुळे ती आपणहून पाणी ओढून घेते. झालं, की नळी गुंडाळून वर पट्टी. माणूस आपल्या घरी, आपल्या खुर्चीत.

भावाला हे पसंत नव्हतं. "छातीला भोक ठेवून घरी आणायचं आणि घरी कोण? सरबतवाली." जंतू गेले तर, नळी निसटली तर, काही वाईट झालं तर कोणाच्या डोक्यावर? त्याची भीती खोटी नव्हती. दोघांनी शेवटी एवढंच ठरवलं, की एकदा जरी काही बिघडलं तरी तो सरळ बाबांना भरती करेल आणि ती मधे पडणार नाही. हे ठरवताना बाबांना कोणी विचारलं नाही, पण ते शेजारच्या खोलीत होते आणि घराच्या भिंती काही जाड नव्हत्या.

घरी येऊन शिकवणाऱ्या सिस्टर गोलमटोल आणि भारी बोलक्या होत्या. हात कसे धुवायचे, मास्क कधी लावायचा, झडप स्पिरिटच्या बोळ्याने कशी पुसायची, बाटलीच्या नळीचं टोक टक् आवाज येईपर्यंत कसं आत सारायचं, नळीवरचा चिमटा हळूहळू कसा सोडायचा. तिने सगळं एका झटक्यात उचललं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचे हात सोन्यासारखे आहेत." शेवटी त्यांनी सांगितलं, "एका वेळी एकाच बाटलीएवढं, त्याहून जास्त नाही. आणि काकांना खोकला लागला किंवा दुखलं, की तिथंच बंद. बाटली किती भरली ते बघायचं नाही."

तिने मान डोलावली. ऐकलंही होतं. पण सिस्टर बोलत होत्या तेव्हा तिची नजर बाटलीवर होती. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीवर एकाखाली एक रेघा होत्या आणि सगळ्यात वर, मानेपाशी, एक ठळक रेघ होती.

पहिल्यांदा बाटली जोडली तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी सुरसुरत आलं आणि बघता बघता त्या वरच्या रेघेला टेकलं. तिने चिमटा लावला, बाटली सोडवली आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. अगदी रेघेवर. केसाइतकंही खाली नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली. बाबांनी मोठा श्वास घेतला आणि खिडकीतून खाली बसकडे बघून म्हणाले, "नवा ड्रायव्हर गिअर खरडतोय." संध्याकाळी तिने भावाला फोन करून सांगितलं, "पूर्ण भरली." तो म्हणाला, "बरं," आणि त्या 'बरं'मध्ये तिला हार ऐकू आली. चुकीचं होतं, पण बरं वाटलं.

असं बरेच दिवस छान चाललं. एक दिवसाआड बाटली, प्रत्येक बाटली रेघेपर्यंत, प्रत्येक बाटली उजेडात. बाबा जेवायला लागले. खिडकीतून नव्या ड्रायव्हरांची बिनपाण्याने हजामत करायला लागले.

मग बाटल्या उण्या येऊ लागल्या.

पहिल्यांदा जेमतेम बोटभर. तिला वाटलं, बाबा वाकडे बसले असतील. तिने त्यांना कुशीवर वळवलं, थोडं थांबली, आणि पाणी हळूहळू रेघेपर्यंत आलं. पुढच्या वेळी त्याहून जास्त वेळ लागला. त्याच्या पुढच्या वेळी पाणी अर्ध्यावर येऊन रेंगाळायला लागलं. नळी तुंबली की काय, या विचाराने ती धास्तावली. नळी तुंबली म्हणजे बिघडलं. बिघडलं म्हणजे भाऊ, चाकाची खुर्ची, तो कॉरिडॉर. कारखान्यात बाटल्या उण्या यायला लागल्या की दोष बाटलीचा नसतो, भरणाऱ्या यंत्राचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि इथलं यंत्र ती स्वतः होती.

ती बाटली खाली धरायची, नळी सरळ करायची, बाबांना म्हणायची, "जरा पुढे वाका. आता डावीकडे. दुखतंय का?"

"चालू दे," बाबा म्हणायचे.

दुखतंय का, या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

त्या रविवारी भाऊ येणार होता. तो यायच्या आत बाटली झालेली असावी, म्हणून तिने सकाळीच तयारी मांडली. हात धुतले, झडप पुसली, टक् आवाज आला, चिमटा सोडला. पाणी आलं, बाटली पाव भरली आणि धार तुटली. थेंब थेंब. तिने वाट बघितली. पाणी एक बारीकशी रेघ वर सरकलं. ती खाली गुडघ्यांवर बसून बाटलीच्या पातळीला डोळे लावून होती, कारखान्यात बसायची तशीच. "थोडं राहिलंय, बाबा." वरून काही आवाज नाही. "अगदी थोडं."

खुर्चीचा हात करकरला. तिने वर बघितलं तर बाबांची बोटं त्या हातात रुतली होती, ओठ घट्ट मिटलेले आणि चेहरा राखेच्या रंगाचा. कपाळावरून घाम गळत होता. तिने चिमटा लावायच्या आतच खोकला फुटला. साधा खोकला नाही. श्वास घ्यायला जागाच न ठेवणारा, एकावर एक. बाबा छाती धरून पुढे कलंडले.

तेवढ्यात दार उघडून भाऊ आत आला.

त्याने एकदा बापाकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या बाटलीकडे. त्याने खिशातून फोन काढला. "मी अँब्युलन्स बोलावतो. आपलं ठरलं होतं."

खोकल्यातूनच बाबांनी मान हलवली. नाही. पुन्हा, नाही.

"दादा, आधी सिस्टरना विचारू दे," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या तर तूच ने. मी मधे येणार नाही."

भाऊ फोन हातात धरून उभा राहिला. सिस्टरनी पहिल्याच रिंगला उचललं. चिमटा घट्ट आहे का? आहे. झोपवू नका, ताठ बसवा, पुढे उशी द्या. ओठ बघा, निळे आहेत का? खिडकीच्या उजेडात तिने बाबांचे ओठ बघितले. पांढरे होते, निळे नव्हते. तोंडातून फेस, रक्त? नाही. "मी जवळच आहे, निघाले. पण ओठ निळे पडले किंवा फेस आला, तर माझी वाट बघायची नाही. सरळ अँब्युलन्स."

मग ती बाबांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने डोळ्यांच्या जिवावर भाकरी खाल्ली होती, आणि आता तेच डोळे तिला दगा देत होते, कारण दर क्षणाला तिला ओठ निळे दिसायचे आणि दर क्षणाला नाही. आपण आपल्या हाताने बापाला मारलं, हे वाक्य डोक्यातून जाईना. भाऊ मागे उभा. खाली बस येऊन थांबली, गेली. खोकला जरा विरळ झाला. बाबांनी एक तुटका श्वास घेतला, मग दुसरा.

सिस्टर आल्या त्या धापा टाकतच. बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, छातीला स्टेथोस्कोप लावून पुढून मागून ऐकलं, परत ऐकलं. चिमटीवरचा आकडा बघितला.

"न्यायचं का?" भावाने विचारलं.

"आकडा चढतोय. जरा थांबू. असाच चढला तर नाही, घसरला तर मीच नेणार."

एवढ्या बोलक्या बाई, पण त्या वेळात एक शब्द बोलल्या नाहीत. चौघंही त्या चिमटीवरच्या लाल आकड्याकडे बघत बसले. तो एक पाऊल वर चढला. थांबला. खाली आला तेव्हा भावाचा हात पुन्हा खिशाकडे गेला. मग वर चढला आणि वरच टिकला. सिस्टरनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला.

"ताई, नळी तुंबलेली नाही. पाणीच कमी झालंय. त्यांचं फुप्फुस उघडून छातीला येऊन टेकलंय. चांगली गोष्ट आहे ही. बाटली मात्र भरली नाही की ओढतच राहते. तुम्ही शेवटी पाणी ओढत नव्हता, त्यांना ओढत होता." हे त्यांनी हळू सांगितलं, पण सांगितलं. मग बाबांकडे वळल्या. "काका, दुखायला कधी लागलं?"

"पाव झाली तेव्हा."

"आजच?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "नाही. बाटल्या अर्ध्यावर अडायला लागल्या ना, तेव्हापासून."

तिला संताप आला. स्वतःवरचा होता, पण निघाला बापावर. "तेव्हापासून? आणि मी विचारत होते तेव्हा तोंड शिवलं होतं तुमचं? दोन शब्द बोलायला काय झालं होतं? मी काय माणूस नाही, यंत्र आहे?"

"अगं, दोन स्टॉपच्या मधे..."

"खड्ड्यात गेले तुमचे स्टॉप."

बापाशी ती असं कधीच बोलली नव्हती. भावाने खाली बघितलं. बाबांनी आधी श्वास गोळा केला.

"तू बाटली उजेडात धरून हसायचीस," ते म्हणाले. "घरात तेवढंच हसणं होतं. म्हटलं, होऊ दे पूर्ण."

ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाचा आवाज कोणाला फसवत नव्हता, पण कोणी मागे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढायला जावं लागलं. कॉरिडॉर दिसला तशी बाबांनी तिची बाही धरली. "सकाळी जायचं, दुपारी खुर्चीत," ती म्हणाली. भाऊ सोबत होता. त्याने चाकाची खुर्ची ढकलली आणि भरतीचा विषय काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. फुप्फुस उघडलं होतं, तळाशी थोडं पाणी होतं. नळी राहू द्या, पण बाटली कमी वेळा लावा आणि पहिल्या दुखण्याला थांबा. दुपारी बाबा खुर्चीत होते. आजार काही बरा होणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. प्रश्न फक्त कुठं आणि कसं, एवढाच होता.

प्रश्नातलं 'कसं' तिच्याकडे होतं. बाबा आपणहून थांब म्हणतील, यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तिने कारखान्यात जायच्या आपल्या सायकलची घंटी काढली आणि खुर्चीच्या हातावर स्क्रूने पक्की बसवली.

"दुखलं की एक बेल. बोलायची गरज नाही."

बाबांनी घंटीकडे तुच्छतेने बघितलं. "बेल मारायची कंडक्टरने. ड्रायव्हरने आयुष्यात कधी बेल मारली नाही. ऐकली."

"आता बढती झाली म्हणा."

पुढच्या वेळी बाटली लावताना भाऊ मुद्दाम आला आणि दाराला टेकून उभा राहिला. तिने हात धुतले, झडप पुसली. चिमटा सोडण्याआधी बाटलीवर टॉवेल टाकला आणि ती खुर्चीमागे सरकवली. मग स्टूल ओढून बाबांच्या समोर बसली. नळीचा चिमटा तिच्या बोटांत होता आणि बाटली तिला दिसत नव्हती. हे किती कठीण होतं ते कारखान्यातल्या कोणालाच सांगून कळलं नसतं. मान आपोआप वळायची, ती परत आणायची. टॉवेलखाली सुरसुर ऐकू येत होती. कुठवर आलं असेल? तिने दात ओठांवर दाबले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

चेहरा तिला पाठ होता असं तिला वाटायचं. नव्हता. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. श्वास घेताना नाकपुडी किंचित फुगत होती. अंगठा घंटीच्या खटक्यावर ठेवलेला होता आणि डोळे सरळ रस्त्याकडे. सगळं शांत होतं. सुरसुर मंदावली. मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक सुरकुती आली आणि गेली. अंगठा हलला नाही. सुरकुती पुन्हा आली आणि थांबली. अंगठा तसाच. जबडा जरासा आवळला.

तिने चिमटा लावला.

"बेल मी मारली नव्हती," बाबा म्हणाले.

"मला दिसलं."

बाबांनी आता तिच्याकडे बघितलं. भावाने दाराची चौकट सोडली, आत येऊन खुर्चीमागची बाटली उचलली आणि टॉवेल काढून तिच्या हातात दिली. जेमतेम पाव भरली होती. वरची ठळक रेघ कुठल्या कुठे राहिली होती. कारखान्यात असती तर तिने ती पुन्हा न बघता क्रेटमध्ये फेकली असती. तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. बाबा बाटलीकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हसली, आणि ते हसू त्यांच्यासाठी ओढून आणलेलं नव्हतं.

खाली बस स्टॉपवर उभी होती. बाबांनी अंगठा दाबला आणि घंटी दोनदा वाजवली. डबल बेल म्हणजे गाडी सोडायची. बस सुटली.